ताईच्या डब्याचा बंब

आमच्या घरात गेली कित्येक वर्षं फोन दुसऱ्यांदा वाजू दिला जात नसे. हात पिठाचे असोत, डोक्याला साबण लागलेला असो, पहिल्या घंटीला उचलायचा, आणि 'हॅलो'च्या ऐवजी विचारायचं, "मिळाली?" ही सवय मूळची माझ्या बहिणीच्या, म्हणजे सुनीताताईच्या घरची. जर्मनीत वाल्डॉर्फमधल्या त्या फ्लॅटमधून ती हायडलबर्गला माझ्या घरी कधी आली ते कळलंही नाही. म्हणून त्या सोमवारी सकाळी ताईचं नाव दिसलं तेव्हा मी तोंडातला ब्रश हातात घेऊन तेच विचारलं.  पलीकडून ताई म्हणाली, "नाही गं... गेले."

विलासभाऊजी, ताईचे यजमान, डायलिसिसला निघायच्या तयारीत पलंगाच्या कडेला बसून मोजे घालत होते. एक मोजा पायात होता, दुसरा हातात. ताई डबा भरत होती. तिने "अहो, टॅक्सी आली" अशी हाक मारली, उत्तर आलं नाही, आणि तिला वाटलं, हे मुद्दाम उत्तर देत नाहीयेत, कारण आदल्या रात्री मिठावरून दोघांचं वाजलं होतं. मी पोहोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. दाराजवळ ती निळी बॅग नेहमीच्या जागी उभी होती. कपडे, दाढीचं सामान, चार्जर, चष्म्याचं जुनं घर... हाक आली की उचलायची आणि निघायचं, म्हणून वर्षानुवर्षं भरून ठेवलेली. तिच्यातल्या एका पॅन्टची फॅशनसुद्धा एव्हाना जाऊन परत आली होती. त्या बॅगेकडे बघून मला रडू आलं नाही, राग आला. अजूनही येतो.

"मिळाली?" म्हणजे किडनी मिळाली का. भाऊजींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या त्याला बरीच वर्षं झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार मशीन, आणि उरलेले दिवस वाट बघणं. यादीत नाव असणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दिवसारात्री कधीही फोन येऊ शकतो. आला की लगेच उचलायचा आणि काही तासांत क्लिनिकमध्ये हजर व्हायचं. म्हणजे लांब जायचं नाही, बोगदे फार असलेल्या रस्त्याने जायचं नाही, सिनेमाला बसायचं नाही. भारतात जाता येत होतं, तिथेही मशीन होतीच, पण देशाबाहेर गेलं की तेवढ्या दिवसांपुरतं नाव बाजूला ठेवतात. आणि नेमकी त्याच दिवसांत हाक आली असती तर? या 'तर'ने त्या घराचे पाय बांधून ठेवले. भाऊजींच्या आई कराडला वारल्या तेव्हा ते वाल्डॉर्फच्या स्वयंपाकघरात उभे राहून धाकट्या भावाने धरलेल्या फोनच्या चौकोनातून बघत होते. नंतर मला म्हणाले, "आईचं शेवटचं दर्शनही चार्जिंगला लावून घेतलं."

घरातल्या कोणी दिली नाही का, असं पुष्कळांनी विचारलं. काहींनी तोंडावर विचारलं, काहींनी भुवया उंचावून. ताईला साखरेचा त्रास, त्यामुळे तिला पहिल्याच तपासणीत परत पाठवलं. माझी एक किडनी जन्मापासूनच लहान, हे मला त्या तपासणीतच कळलं. राहिली त्यांची मुलगी रेवा. ती बर्लिनला शिकते. ती अठरा वर्षांची झाल्यापासून द्यायला तयार होती आणि भाऊजी तिचं ऐकूनच घेत नव्हते. त्याबद्दल पुढे लिहिते.

हे सगळं वाचून भाऊजी म्हणजे कोणी सोशिक, शांत गृहस्थ असतील असं वाटेल. अजिबात नाही. मेकॅनिकल इंजिनियर, त्यात कराडचे, त्यात घरात थोरले, म्हणजे हुकूम ऐकण्यापेक्षा सोडण्याची सवय जास्त. हॉटेलात गेलं की टेबल डुगडुगतंय म्हणून वेटरला खाली वाकून नट कसा आवळायचा ते दाखवणार. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणजे माझं काम हातात धरता येत नाही, म्हणजे ते काम नव्हेच, असा त्यांचा सिद्धांत होता आणि तो ते दर दिवाळीला मांडायचे. मी त्यांना घाबरत नसे, म्हणून आमचं पटायचं. ताई घाबरत नसे, पण ती गप्प बसायची, आणि तिच्या गप्प बसण्याला ते टरकून असायचे.

डायलिसिसच्या माणसाला दोन गोष्टी सतत छळतात, तहान आणि थंडी. पाणी मोजून. चहा, आमटी, ताक, सगळं त्याच मापात धरायचं. उन्हाळ्यात ते लिंबाची फोड चघळत बसायचे. आणि थंडी तर मे महिन्यातही. हाइत्सुंग, म्हणजे घराचं हीटिंग, शेवटच्या आकड्यावर फिरवून, अंगात दोन स्वेटर घालून ते खिडकीपाशी बसायचे आणि त्या भिंतीवरच्या पांढऱ्या रेडिएटरला शिव्या द्यायचे. म्हणायचे, "हा टांगलेला पत्रा ऊब देतो, पण सोबत देत नाही. मला आगीपुढे बसायचंय." मशीनवर पडल्यापडल्या ते कॅनडातल्या आणि फिनलंडमधल्या लोकांचे व्हिडिओ बघायचे. गोठलेल्या तळ्यावर एवढंसं लाकडी खोपटं, बर्फाला पाडलेलं एक भोक, त्यात गळ टाकून बसलेला माणूस, आणि शेजारी हाताने बनवलेली छोटीशी लाकडाची शेगडी. मी एकदा विचारलं, यात बघण्यासारखं काय आहे, तोही बिचारा कोंडलेलाच दिसतोय. तर म्हणाले, "कोंडलाय, पण स्वतः आत गेलाय. फरक आहे की नाही?"

तिथून शेगडीचं खूळ डोक्यात शिरलं. विकत मिळतात, मी लिंकसुद्धा पाठवली. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी विषय सोडला. त्यांना स्वतः बनवायची होती, तंबूत नेता येईल अशी, आणि त्यांच्या डोक्यात कॅनडाची शेगडी नव्हतीच, कराडचा बंब होता. न्हाणीघरातला तांब्याचा बंब. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. लहानपणी पहाटे तो पेटवायचं काम यांच्याकडे होतं. दिवाळीत सगळ्यांची पहिली आंघोळ होईपर्यंत जागेवरून हलायचं नाही आणि पाणी संपत आलं की आधी भरायचं, कारण बंब कोरडा पेटला की त्याचे सांधे सुटतात. "पाणी बघितलं का?" असं त्यांच्या आई स्वयंपाकघरातून ओरडायच्या म्हणे. भाऊजींचा युक्तिवाद असा की तंबूत उघडी तापलेली शेगडी धोक्याची, पण भोवती पाणी असलं की ते असेपर्यंत बाहेरचा पत्रा उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापूच शकत नाही. शिवाय विस्तव विझला तरी पाणी कितीतरी वेळ ऊब धरून राहतं. ज्या माणसाला एक भांडं पाणी मनसोक्त पिता येत नव्हतं, त्याने पाण्याने भरलेली शेगडी बनवायला घेतली. मी हे त्यांना बोलून दाखवलं. म्हणाले, "मग? निदान कुणाच्या तरी पोटात मावू दे."

कामाची जागा म्हणजे केलर. इथे प्रत्येक फ्लॅटला तळघरात फळ्यांचा एक कोंडवाडा मिळतो, सायकली आणि जुन्या सुटकेसा ठेवायला. तिथे त्यांनी टेबल मांडलं, ड्रिल लावलं. अडचण एकच. तळघरात फोनला रेंज नाही. म्हणून ते खाली असताना कोणीतरी वर फोनजवळ बसायला हवं. ताईला सगळा वेळ ते जमेना, मी एकटी, माझे शनिवार मोकळे, तेव्हा मी जायला लागले. यालाच आमच्याकडे 'फोनवर बसणं' म्हणायला लागले. "या शनिवारी फोनवर कोण बसतंय?" असं अगदी 'भाजी कोण आणतंय' या सुरात विचारलं जायचं. खालून ड्रिलचा आवाज येत असायचा, वर मी त्या मुक्या फोनकडे बघत भाजी निवडत असायचे. तळमजल्यावरचे आजोबा हाउसऑर्डनुंगचा, म्हणजे इमारतीच्या नियमांचा, कागद घेऊन तक्रारीला यायचे, की दुपारची शांततेची वेळ सुरू झाली आहे. मग भाऊजी वर यायचे, हात धुवायचे आणि त्या आजोबांच्या आवाजात मला नियम वाचून दाखवायचे.

खालची भट्टी जाड पत्र्याची, मधली नळी कामावरच्या एका मित्राने वेल्डिंग करून दिलेली, हे सगळं मनासारखं झालं. अडलं ते पाण्याच्या भांड्यावर. हवा तो आकार कुठे मिळेना. एके दिवशी ताई बाजार करून आली तर ओट्यावर दोन उशांचे अभ्रे टम्म फुगून बसलेले. आत कणीक. आणि कणकेचा डबा गायब. तो साधा डबा नव्हता. लग्नात आमच्या आईने दिलेला मोठा स्टीलचा डबा, त्यावर मशीनने टिंब टिंब काढून घातलेलं नाव... 'चि. सौ. कां. सुनीता हिस, आईकडून'. सामानात वजन जास्त होतंय म्हणून ताईने साड्या काढून ठेवल्या होत्या, पण डबा आणला होता. ती तशीच तळघरात गेली. डब्याच्या तळाला भोक पाडून झालं होतं. मी वर फोनवर बसले होते, त्यामुळे खाली काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. ताईला विचारलं तर ती म्हणते, काहीच बोलणं झालं नाही. पण पुढे कितीतरी दिवस त्या घरात चकार शब्द नव्हता. भाऊजी बिचारे उशीच्या अभ्र्यातून कणीक काढून आपल्या हाताने पोळ्या लाटत होते आणि त्या पोळ्यांचे नकाशे मला फोटो काढून पाठवत होते. शेवटी ताईने एवढंच सांगितलं, की नाव दिसलं पाहिजे. म्हणून त्यांनी डबा असा फिरवून बसवला की नाव पुढच्या बाजूला येईल, तोटीच्या बरोबर वर.

आता पेटवायचा कुठे? बाल्कनीत आग लावली तर तळमजल्यावरच्या आजोबांना जन्माचं काम मिळालं असतं. शोधता शोधता ओडेनवाल्डच्या डोंगरात हिवाळ्यातही उघडी राहणारी एक कॅम्पिंगची जागा सापडली. तंबूत धुराड्याची शेगडी लावायची परवानगी होती, आणि घरापासून इतकी जवळ की हाक आली तर वेळेत पोहोचता आलं असतं. मालकीण फ्राउ ब्रेंडल, चांगली सत्तरीची बाई, रबरी बूट घालून हिंडणारी. पण जागा दोन डोंगरांच्या मधल्या खोलगटात. फुंकलोख, म्हणजे रेंजचा खड्डा. ताईने फोन वर धरून सगळं कुरण पालथं घातलं. शेवटी चढावर, कचऱ्याच्या डब्यांपाशी, कुंपणाच्या कोपऱ्यात रेंजच्या दोन काड्या आल्या. पाऊल इकडेतिकडे झालं की गायब. फ्राउ ब्रेंडल म्हणाली, माझ्या ऑफिसचा नंबर देऊन ठेवा की. पण तिला आम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होतो, एवढं ती कमी ऐकत होती, आणि तिच्या कानाच्या भरवशावर ताई किडनी सोडणं शक्यच नव्हतं. तेव्हा ठरलं, आळीपाळीने कचऱ्याच्या डब्यांपाशी फोनवर बसायचं. घडीची एक खुर्ची कायमची तिथे गेली.

पहिल्या खेपेला बर्फ पडलेलं होतं. जुना सुती तंबू, छताला धुराड्यासाठी भोक, भोकाभोवती न जळणारं कापड, खांबाला विषारी वायूचा अलार्म, सगळी जय्यत तयारी. बर्फ तुडवून घट्ट केलं, त्यावर बंब ठेवला, रेवाने लाकडं सरकवली आणि भाऊजींनी काडी लावली. आग धरली, तोटीतून वाफाळतं पाणी आलं. भाऊजी हात पुढे करून बसले. चेहरा असा की मी कॅमेरा काढायला विसरले. आणि मग बंब हळूहळू, अगदी सभ्यपणे, एका बाजूला कलायला लागला. मला वाटलं माझीच मान वाकडी झालीय. रेवा म्हणाली, "पापा, एर झिंक्ट!" बंब बुडत होता. खालच्या भट्टीने बर्फ वितळवून आपला खड्डा आपणच खणला होता, आणि वरचं धुराडं छताच्या भोकात अडकून ताणलं गेलं होतं. पाणी ओतून आग विझवली, तंबूभर वाफ झाली. एवढा मोठा इंजिनियर, पत्र्याची जाडी, नळीचा व्यास, सगळं हिशोबात धरलं, पण कराडला न्हाणीघराची फरशी वितळत नाही. फ्राउ ब्रेंडल आवाज ऐकून आली, तिने डोकं आत घालून बघितलं, एक शब्द न बोलता गेली आणि दोन जाड फळ्या घेऊन आली. भाऊजी चिखलात बसून इतके हसले की त्यांना खोकला आला. म्हणाले, "जमीनसुद्धा धरून ठेवायला लागते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

त्यानंतर फळ्या पहिल्या, बंब मागाहून. हिवाळ्यात जेव्हा शनिवारी त्यांची तब्येत बरी असे तेव्हा आम्ही जात राहिलो. रविवारी मशीन नसायचं. तंबूत ते वेगळेच असायचे. स्वेटर एकच. सगळ्यांना तोटीच्या पाण्याचा चहा, पाय शेकायला गरम पाण्याच्या पिशव्या, आणि स्वतःला चमच्याने पिता येईल एवढा चहा, तो पिण्यापेक्षा हातात धरायलाच जास्त. दर थोड्या वेळाने डब्याचं झाकण उचलून, "पाणी बघितलं का?" आम्ही त्या प्रश्नाला विटलो होतो. रेवा तर ते वाक्य सुरू झालं की ओठ हलवून त्यांच्याबरोबर म्हणायची. ती घरात सगळं मराठी समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते, पण हे वाक्य तेवढं तिचं पाठ होतं, आवाज न काढता.

तंबूतच तिने तो विषय पुन्हा काढला. ताई वर फोनवर होती. रेवाने तपासणीची वेळ घेऊन टाकली होती, बापाला न विचारता, आणि ते तिने जर्मनमध्ये एका दमात सांगून टाकलं. भाऊजींनी लाकूड आत सरकवलं, दार लावलं. मग म्हणाले, "तुझी आई वर कचऱ्यापाशी बसलीय, ती माझ्यामुळे. मावशी दर शनिवारी येते, ती माझ्यामुळे. तू तरी अडकायचं नाहीस." रेवा म्हणाली, ती ऑलरेडी अडकलीच आहे, बर्लिनमध्ये प्रत्येक फोनला तिचा जीव वर-खाली होतो, निदान काही केल्याचं समाधान तरी तिला मिळू दे. हे तिने अर्धं जर्मन, अर्धं मराठीत सांगितलं.  त्यांनी मान हलवली ती आडवीच. ती बाहेर निघून गेली आणि मी पहिल्यांदा त्यांच्यावर मनापासून चिडले. मी म्हटलं, भाऊजी, हा त्याग नाही, हट्ट आहे. ते म्हणाले, "असेल. पण हा एकच हट्ट माझ्या हातात उरलाय." आजही मला ठरवता येत नाही, ते बरोबर होते की नाही. रेवाने अजून त्यांना माफ केलेलं नाही, आणि मी तिला तसं करायला सांगणारही नाही.

खरा फोन एकदाच आला. तंबूत नाही, गंमत बघा, वाल्डॉर्फला, बुधवारी भर दुपारी, ते मशीनवरून उतरून घरी येत असताना. बॅग उचलली, क्लिनिकला गेले, रक्त काढलं, कपडे बदलले. आणि संध्याकाळी एक तरुण डॉक्टरीण येऊन पलंगाच्या कडेला बसली. आलेली किडनी नीट तपासल्यावर लावण्यासारखी नाही असं निघालं होतं. ती बिचारी स्वतःच रडवेली झाली होती. भाऊजींनीच तिला धीर दिला. घरी आल्यावर ताईने बॅग परत दाराशी उभी केली, आणि ते न जेवता तळघरात गेले. आम्ही ड्रिलचा आवाज येईल म्हणून वाट बघितली, तो आला नाही. मी खाली गेले तर ते बंबाशेजारी स्टुलावर बसले होते, दिवा न लावता. म्हणाले, "दार उघडलं, बाहेरचं दाखवलं, आणि परत लावून घेतलं." मी तिथेच सुटकेसवर बसले.

या जानेवारीत आम्ही गेलो ती शेवटची खेप. दुपार कलत आली होती, थंडी कडाक्याची. बंब छान पेटला होता. ताईने तिची पाळी म्हणून कोट चढवला, तसे भाऊजी म्हणाले, आज कोणी वर जायचं नाही. फोन गाडीत ठेवून द्या. एक संध्याकाळ सगळे आत बसू. ताई कोटाची बटणं लावतच राहिली. ते म्हणाले, एवढ्या वर्षांत एकदाच आला, तो आज दोन तासांत परत येणार नाही. ती म्हणाली, नेमका तेव्हाच येतो. दोघांचे आवाज चढले नाहीत, त्यामुळे आम्हाला जास्तच धास्ती वाटली. शेवटी ते म्हणाले, "सुनीता, यादीत नाव माझं आहे. तुझं नाही." ताईने बंबाकडे बोट केलं. धुराने पिवळसर, निळसर झालेला तो डबा, पण टिंबं शाबूत. "इथे कुणाचं आहे, वाचा," म्हणाली, आणि तंबूचा पडदा उचलून निघून गेली.

भाऊजी थोडा वेळ झाकणाशी चाळा करत बसले. मग त्यांनी बूट ओढले. त्यांना वाकवत नव्हतं, रेवाने बंद बांधून दिले. दुसरी घडीची खुर्ची काखेत मारली आणि तो थंडीने गारठणारा माणूस, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला होता तो उबेचा तंबू सोडून, थांबत थांबत चढ चढून गेला. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. त्यांनी खुर्ची ताईच्या खुर्चीला लावून मांडली. ताईने तिची शाल काढून अर्धी त्यांच्या गुडघ्यांवर टाकली. कचऱ्याचे तीन रंगांचे डबे आणि त्यांच्यापुढे ती दोघं, मधे फोन. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. मधेच ताई हसली, एवढं मात्र ऐकू आलं. खाली तंबूत बंब आमच्यासाठी, ज्यांना कसली गरज नव्हती त्यांच्यासाठी, जळत होता. काळोख पडायला लागला तेव्हा ती दोघं खाली आली. भाऊजींचे ओठ निळे पडले होते आणि आत पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, "पाणी बघितलं का?" कोणीच बघितलं नव्हतं. जेमतेम तळाला उरलं होतं. त्यांनी आम्हाला दोघींना जे झाडलं, ते मी इथे लिहीत नाही.

मग तो सोमवार आला.

इथे अस्थी घरी आणता येत नाहीत, नियम आहे. कराडला न्यायच्या तर परवानगीचे कागद लागतात, ते अजून यायचे आहेत. कृष्णा-कोयनेच्या संगमावर धाकटा भाऊ वाट बघतोय, आणि भाऊजी स्मशानभूमीच्या कुठल्याशा कपाटात आहेत. म्हणजे गेल्यावरही वाट बघणं सुटलेलं नाही. ताईने बॅग अजून रिकामी केलेली नाही. क्लिनिकने यादीतून नाव काढल्याचं कळवलं, तरी फोन पहिल्या घंटीलाच उचलला जातो. कोणी काही विचारत नाही, फक्त उचलायचा आणि गप्प राहायचं.

गेल्या शनिवारी रेवा बर्लिनहून आली ती म्हणाली, बंब घेऊन जाऊया. आम्ही तिघी गेलो. मार्च लागला तरी सावलीच्या कडेने बर्फ होतं. फ्राउ ब्रेंडल आली, तिने तिघींना मोजल्यासारखं बघितलं, चौथं माणूस कुठे हे विचारलं नाही आणि फळ्या आणून ठेवल्या. रेवाने बंब बसवला, पाणी भरलं, पेटवला. तोटीतून चहाचं पाणी काढलं. फोन मी मुद्दाम गाडीत ठेवायला लावला होता. आता वर जायचं कुणालाच काही कारण नव्हतं. आम्ही बसलो. ऊब चांगली होती, आणि ती मला अजिबात सहन होईना. तेवढ्यात ताईने पेला खाली ठेवला, "जरा येते," म्हणाली आणि बाहेर पडली. मला वाटलं, आत जीव गुदमरला असेल. बऱ्याच वेळाने मी मागे गेले.

ती चढावर, कचऱ्याच्या डब्यांपाशी, कुंपणाच्या त्या कोपऱ्यात उभी होती. दोन्ही खुर्च्या कुंपणाला टेकवलेल्या, जानेवारीत ठेवल्या तशाच. हातात फोन नव्हता, पण हात मात्र फोन धरल्यासारखा छातीशी. मी म्हटलं, ताई, खाली चल. ती म्हणाली, "खाली बसवत नाही गं. वर कोणी नाही, असं वाटतं." मी एक खुर्ची उघडली, तिला बसवलं, दुसरी उघडून मी बसले. मला म्हणायचं होतं की आता कुणाचाच फोन यायचा नाही, तू सुटलीस. पण सुटलेली बाई अशी दिसत नाही. खाली तंबूत उजेड होता, धुराडं सरळ उभं होतं, आणि कापडावर रेवाची सावली वाकून काहीतरी करत होती. मग तिने पडदा बाजूला केला आणि आमच्या दिशेने तोंड करून, खणखणीत आवाजात विचारलं,

"पाणी बघितलं का?"

ताई दचकून उभी राहिली. "नाही बघितलं," ती वरूनच ओरडली, आणि खुर्ची तशीच उघडी ठेवून भराभर उतरायला लागली.